विसरलेल्या गोळ्यांच्या तारखा

३ फेब्रुवारी

मुंगळ्या,

माझं अक्षर दिसलं की तू पाकीट न फोडताच कचऱ्यात टाकणार, म्हणून पत्ता शेजारणीकडून लिहून घेतलाय. फसलास. आता फोडलंच आहेस तर वाच. सहा वर्षं माझ्याशी बोलला नाहीस, पण वाचायला काही बोलावं लागत नाही.

कारण सांगते. नोव्हेंबरात मला एक झटका येऊन गेला. घाबरण्यासारखं नाही, लहानसा होता. सकाळी स्वेटरचं बटण लावत होते, ते लागेना. बोटं माझीच, बटणही माझंच, पण दोघांची जशी ओळखच नाही. म्हटलं, थंडी असेल. मग दूधवाला आला. त्याला 'उद्या एक पिशवी जास्त दे' म्हणायला गेले, तर तोंडातून भलताच काहीतरी चिखल बाहेर पडला. तो आधी हसला, मग हसायचा थांबला. त्यानेच मला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. अर्ध्या तासात हात परत आला, जीभही आली. दूध तेवढं नासलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदयाचे ठोके बेताल पडतात, त्यामुळे आत रक्त साकळतं, त्यातली एखादी गुठळी सुटते आणि मेंदूत जाऊन अडकते. आईचं होतं तेच. आईचं नाक तुला मिळालं, हृदय मला.

आता गंमत ऐक. ज्या दवाखान्यात मी चौदा वर्षं नोकरी केली, तिथेच मी आता पेशंट. तुला आठवत असेल, नसेल. मी तिथे गोळ्या मोजायचे. नव्या औषधाचा अभ्यास चालू असला की माणसांना मोजून गोळ्या देतात आणि तीन महिन्यांनी उरलेल्या परत आणायला सांगतात. त्या परत आलेल्या गोळ्या मोजायच्या, म्हणजे कळतं की बुवा घेतल्या की नाहीत. गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत बाटली घेऊन रांगेत उभी राहिले. झटक्याचाच अभ्यास आहे. निम्म्या लोकांना रक्त पातळ करणारी जुनी गोळी, निम्म्यांना नवी. दिसायला सारख्याच. कुणाला कुठली, ते माणसालाही माहीत नसतं आणि डॉक्टरलाही. रोज एक, सकाळी आठला. दुसरा झटका येऊ नये म्हणून.

मी घेते. नियमाने. इतकी वर्षं लोकांना दटावलंय, मी नाही घेणार तर कोण घेणार.

सकाळी उठले की आरशासमोर कवायत करते. दात दाखवून हसायचं, तोंड वाकडं होतंय का बघायचं. दोन्ही हात वर धरून दहा आकडे मोजायचे, एक खाली घसरतोय का बघायचं. मग काहीतरी मोठ्याने बोलायचं. मी तुझा फोन नंबर म्हणते. पाठ आहे, एवढंच त्याचं कारण.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

ताई

२७ फेब्रुवारी

मुंगळ्या,

उत्तर नाही. ठीक. मीच 'चालेल' म्हटलं होतं, आता कुणाच्या नावाने बोटं मोडू.

आज तीन महिन्यांची भेट होती. माझ्या खुर्चीवर आता बारकी बसते. बारकी म्हणजे माझ्या हाताखाली शिकलेली. चाळिशी उलटली, दोन मुलींची आई आहे, पण अंगाने काडी, म्हणून बारकी. मोजायचं निळं ताट, चपटी पट्टी, पाच-पाच गोळ्या सरकवायच्या, हे सगळं तिला मी शिकवलं. आज तिने माझ्यासमोर माझी बाटली उपडी केली आणि पट्टी फिरवायला लागली, तेव्हा मीही मनात पाच-पाच मोजायला लागले.

शंभर दिल्या होत्या. एक्याण्णव दिवस झाले. नऊ उरायला हव्यात. तेरा निघाल्या.

"चार जास्त, बाई," ती म्हणाली.

मी म्हटलं, "हो गं, विसरले. बारा डिसेंबरला बँकेत लवकर जायचं होतं. तीन जानेवारीला सर्दीने झोपून होते. अठ्ठावीस जानेवारीला नळ दुरुस्त करणारा आला होता. आणि नऊ फेब्रुवारीला घाईत राहिली."

तिने लिहून घेतलं. मग पट्टी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मला इतका राग आला! मी हिला शिकवलं आणि ही माझ्याकडे बघते. म्हटलं, "काय गं, काही चुकलं का?" तर म्हणाली, "नाही बाई, तुमचं कुठे काही चुकतं."

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. मी तिला शिकवताना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की ज्याच्या गोळ्या तंतोतंत बरोबर निघतात त्याच्याकडे नीट बघ. खरी माणसं विसरतात. एखादी गोळी सांडते, एखादी चुकून दोनदा घेतली जाते. ज्याच्या बरोबर नऊ उरतात, तो आदल्या दिवशी घरी बसून मोजतो आणि जास्तीच्या मोरीत टाकतो, कारण डॉक्टरने ओरडू नये. असे किती पकडले मी. एक आजोबा तर पाया पडले होते, म्हणाले घरी सांगू नका.

पण माझ्या काही नऊ निघाल्या नाहीत ना. तेरा निघाल्या. मग ती का बघते?

कवायत चालू आहे. हात सारखे राहतात. नंबर नीट म्हणता येतो.

ताई

११ मार्च

मुंगळ्या,

आज खरं सांगते. कुणाला तरी सांगायला हवं आणि तू बोलत नाहीस, म्हणजे सांगायला बराच.

मी एकही गोळी घेतलेली नाही. पहिल्या दिवसापासून.

तेरा उरल्या त्या मी ठरवून उरवल्या. नऊ ठेवल्या असत्या तर बारकीने ओळखलं असतं. खरी माणसं विसरतात हे मीच शिकवलं होतं ना, म्हणून चार विसरले. बाकीच्या सत्त्याऐंशी मोरीत गेल्या, रोज एक, सकाळी आठला, नियमाने. हसू येतं बघ. एवढ्या नियमाने घेतली असती तर.

मी प्रयत्न करत नाही असं नाही. पेला भरते. गोळी जिभेवर ठेवते. ती कडू नाही, काही नाही, खडूसारखी लागते. पाण्याचा घोट घेते आणि घसा मिटतो. जीव मुठीत धरून उभी असते मोरीपाशी, पाणी गालात, गोळी जिभेवर, आणि खाली काही जात नाही. मग थुंकते. मला आवाज ऐकू येतो. आईचा नाही. माझाच. तो काय म्हणतो ते मी तुला आज सांगणार नाही, कारण

पेन पडलं होतं. आता डाव्या हाताने उचललं आणि उजव्यात धरलंय. वाचता येतंय का? अक्षर कोंबडीचे पाय झालंय.

मघाशी 'कारण' लिहिलं आणि हात गेला. टेबलावर होता, मला दिसत होता, पण तो माझा नव्हता. पेन घरंगळत जाऊन खाली पडलं, मी नुसती बघत बसले. घड्याळ समोर आहे. सात मिनिटं. मी तुझा नंबर म्हणून बघितला. तीन आकड्यांच्या पुढे जाता येईना. तेच तीन आकडे परत परत. मला ऐकू येत होतं की चुकतंय आणि थांबता येत नव्हतं.

मुंगळ्या, मला फार भीती वाटते. मरायची नाही रे. मरायचीही वाटते, पण त्याहून तसंच राहायची. पलंगावर पडून, सगळं समजत, तेच तीन आकडे म्हणत. मी असे लोक बघितलेत. त्यांच्या बायका बाटल्या परत आणायच्या.

शेजारीण गाडी बोलवायला गेलीय. हे पाकीट पिशवीत टाकते.

१३ मार्च, वॉर्डमधून

मुंगळ्या,

अकरा तारखेचं पत्रही याच पाकिटात घातलंय. आधी ते वाच.

मेंदूच्या फोटोत काही दिसलं नाही. गुठळी आपोआप विरली म्हणे. नशीब. हात परत आलाय, अक्षरावरून कळेलच. इथे पोटात सुई देतात रक्त पातळ व्हायला. ती मी डोळे मिटून घेते, सुईला गिळावं लागत नाही.

काल सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. विचारलं, "गोळी चालू आहे ना?" मी म्हटलं, "हो." तोंडातून आपोआप गेलं. त्या म्हणाल्या, "गोळी चालू असताना हे झालं, म्हणजे ती कमी पडतेय. हिच्या जोडीला आणखी एक द्यावी लागेल." कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. मी चादर धरून बसले. मला कळत होतं, त्यांनी काय लिहिलं. 'औषध घेत असताना झटका.' आठशे माणसं आहेत या अभ्यासात. त्यांच्यातून ठरणार, कुठली गोळी पुढे लोकांना द्यायची. आणि माझ्या मोरीने त्यात एक मत टाकलं.

दुपारी बारकी आली. हातात माझी नवी बाटली होती, घरून शेजारणीकडून मागवलेली. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "बाई, विसरलेल्या गोळीची तारीख कुणाला आठवते का? गोळी आठवली असती तर त्या दिवशी घेतलीच नसती का?"

चौदा वर्षं मी माणसांना पकडत होते आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. खरंच विसरलेला माणूस म्हणतो, 'राहिली असेल बुवा केव्हातरी.' मी नळवाल्यासकट तारखा म्हणून दाखवल्या. अतिशहाणी.

मी रडले. बारकी ओरडली नाही. म्हणाली, "मला हे लिहावं लागणार आहे. तुम्ही सांगता की मी सांगू?" मी म्हटलं, मी सांगते. डॉक्टरीणबाईंना बोलावलं आणि सांगितलं. त्या खाटेवरच बसल्या. म्हणाल्या, "आज संध्याकाळपासून दुसरी सुरू करणार होते मी. घरी जाऊन तुम्ही भीतीपोटी दोन्ही एकदम घ्यायला लागला असतात, तर रक्त कुठे थांबलं असतं?" मग त्या म्हणाल्या, 'घेतली नाही' असं लिहिलेलंही अभ्यासाला चालतं, खोटं चालत नाही. त्यांनी कागदावर काट मारून बाजूला सही केली.

"का घेत नाही?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घशाखाली उतरत नाही. ते त्यांना पुरलं. तुला पुरणार नाही.

आई गेली तेव्हा तू दवाखान्याच्या जिन्यात मला म्हणालास, 'तुझ्या गोळीने गेली.' मी तोंड उघडलं नाही. तुला वाटलं, उद्धटपणा. पुढे सहा वर्षं तू तेच धरून बसलास आणि मी धरू दिलं. कारण मला जे माहीत होतं ते त्याहून वाईट होतं.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला आईचा फोन आला होता. मी मोजत होते. मोजताना मधे बोललं की आकडा जातो आणि परत पहिल्यापासून मोजावं लागतं. मी पासष्टवर होते. फोन खांद्याने कानाशी दाबून धरला. आई म्हणाली, "सकाळी मोरीत पाय घसरला गं. डोकं जरा आपटलं, ठणकतंय. आजची गोळी राहिलीय. घेऊ का?"

मी म्हटलं, "घे गं. एकही चुकवायची नाही." आणि फोन ठेवला. सत्तर, पंचाहत्तर, ऐंशी.

रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या बाईचं डोकं आपटलं तर तिला लगेच दवाखान्यात न्यायचं, हे मला ठाऊक होतं. भिंतीवर तक्ता होता. मी स्वतः लावलेला. विचारायचंही सुचलं नाही, की कुठे आपटलं, किती वेळ झाला. संध्याकाळी तू कामावरून आलास तेव्हा ती झोपली होती आणि उठत नव्हती.

त्या एका गोळीने गेली असं डॉक्टरही म्हणाले नाहीत. रक्त आधीच वाहत असणार. पण वेळ होता हातात. सहा तास. मी तिला 'घे' म्हटलं आणि मोजत राहिले. गोळी जिभेवर ठेवली की मला तोच आवाज येतो, खांद्याखाली दाबलेला, घाईतला. घे गं.

मला उद्या घरी सोडणार. सुई बंद होणार. परवापासून मी, पेला आणि बाटली. डॉक्टरीणबाई म्हणतात, पुढचा झटका मोठा असेल आणि तो लांब नाही. मला माफ कर असं मी म्हणत नाही. तो तुझा हक्क, तू ठेव तुझ्याजवळ. मला एवढंच सांग, घेऊ की नको. आता मला हे ज्याला विचारावं असं तुझ्याशिवाय दुसरं माणूस नाही. माझा नंबर बदललाय, खाली लिहिते. सकाळी आठ.

ताई

१८ मार्च

मुंगळ्या,

आज तुझ्याशी बोलून झाल्यावर लिहिते आहे. फोनवर जे बोलता आलं नाही ते लिहून टाकते, नाहीतर तू म्हणशील, ताईने नुसतं नाक ओढलं.

तीन दिवस पेला भरला आणि ओतला. काल शेजारीण समोर बसली होती, तिच्यादेखत घेतली, ती गेल्यावर गालातून काढून टाकली. हेही लिहून ठेवलंय बारकीसाठी, तारखेसकट. या तारखा खऱ्या आहेत.

फोन वाजला तेव्हा आठला दोन मिनिटं होती. मी 'हॅलो' म्हटलं. तू काही बोलला नाहीस. पण तुझा श्वास मी कुठेही ओळखेन, लहानपणी रुसलास की असाच नाकाने फुसफुसायचास. मग तू म्हणालास, "ताई, तिने आधी मला विचारलं होतं."

मला कळेचना.

"मी कामाला निघालो होतो. बूट घालत होतो. ती म्हणाली, पडले रे मोरीत, डोकं दुखतंय, गोळी घेऊ का? मी म्हटलं, मला काय विचारतेस, ताईला विचार. आणि गेलो."

आठ वाजून गेले असणार. घड्याळ समोर होतं पण मी बघितलं नाही. मला तुझा राग यायला हवा होता. सहा वर्षं, मुंगळ्या. जिन्यात सगळ्यांसमोर माझ्यावर ढकलून मोकळा झालास. आला राग, नाही असं नाही, अजून येईल, चांगला येईल, तयार राहा. पण त्या वेळी डोळ्यांसमोर फक्त तू दिसलास, दारात, एक बूट घातलेला.

"तिला काय सांगायला हवं होतं, ते मी सहा वर्षं स्वतःला सांगतोय," तू म्हणालास. "म्हणायला हवं होतं, आई, बस, गाडी आणतो. तेवढंच." मग म्हणालास, "तुझं डोकं आपटलंय का कुठे?"

मी म्हटलं, नाही.

"पडलीस का?"

"नाही."

"रक्त? हिरड्यांतून, कुठून?"

"नाही रे."

"चक्कर?"

जे मी आईला विचारायला हवं होतं ते सगळं तू मला एकेक करून विचारलंस. कुठून शिकलास? बायकोने सांगितलं की स्वतः वाचलंस? मग तू थांबलास, आणि अगदी हळू, अजिबात घाई न करता म्हणालास, "ताई, घे."

मी घेतली. घसा मिटला. पाणी गालात होतं. तू फुसफुसत होतास. मी ते ऐकत राहिले. गेली.

"गेली का?"

"गेली."

तरी तू फोन ठेवला नाहीस. "काही होतंय?" म्हणालास.

"नाही."

"आता?"

"नाही."

"आता?"

सत्तावन्न वर्षांची बाई आणि पन्नाशीचा माणूस, कुणी बघितलं असतं तर वेडे म्हणाले असते. मला वाटतं तूही माझ्याइतकाच घाबरला होतास. मी तुझ्यासमोर तुझा जुना नंबर म्हणून दाखवला, पूर्ण, तू म्हणालास, तो बंद होऊन चार वर्षं झाली.

भीती गेलेली नाही, हे तुला खरं सांगते. गोळी आत आहे आणि मी दर थोड्या वेळाने हिरड्या चाचपते. उजवा हात मधेच उचलून बघते. उद्या सकाळी परत तेच, पेला, बाटली, तो घाईतला आवाज. फक्त उद्या आठला तू फोन करशील म्हणालास, आणि परवाही.

आत्ता बाटलीचं झाकण लावलं. आत किती राहिल्यात ते मोजलं नाही.

ताई